बोर्डाची उजवी बाजू

अणदूरला हायवेला लागून मल्लेशचं दुकान आहे. मोटारी, स्टार्टर, पंखे, मिक्सर, जे बिघडेल ते तिथं येतं. शटरच्या वर बोर्ड आहे आणि त्या बोर्डाच्या डाव्या बाजूला निळ्या अक्षरांत 'मल्लेश' एवढंच लिहिलेलं. उजवी बाजू कोरी. नवं गिऱ्हाईक हमखास विचारायचं, "बोर्ड अर्धाच कामून रंगवला वो?" मग मल्लेश अमरदीपच्या पाठीवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "ह्याचं नाव यायचंय तिथं. पार्टनर हाय माझा."

असं म्हणता म्हणता पावसाळा सरला, गणपती गेले, नवरात्र बसलं. पेंटर बिराप्पा चहाला टेकला की वर बघून कुरकुरायचा, "निळा रंग डब्यात वाळून खडा व्हायलाय माझा. उरका की एकदाचं." मल्लेशचं उत्तर ठरलेलं होतं. "नव्या कामाचं पहिलं गिऱ्हाईक पक्कं होऊ द्या मामा. मग दोघांची नावं झोकात काढू."

आता कुणी म्हणेल, नावाचं एवढं काय घेऊन बसलात? ज्याचं नाव आधीपासून बोर्डावर आहे, त्याला असं म्हणायला काय जातंय! अमरदीपनं आयटीआय केल्यापासून सगळं काम दुसऱ्याच्याच बोर्डाखाली केलं होतं. साखर कारखान्यात ठेकेदाराचा माणूस, लाइनवर ठेकेदाराचा माणूस, सोलापुरात पॅनल जोडायला गेला तर तिथंही ठेकेदाराचाच माणूस. खांबावर चढायचं त्यानं आणि काम कुणी केलं म्हणून विचारलं की नाव निघायचं भलत्याचंच. तिशी उलटून गेली तरी त्याला त्याच्या नावानं हाक मारणारं गिऱ्हाईक भेटलं नव्हतं. मल्लेशनं 'पार्टनर' म्हटलं तेव्हा त्यानं हातातलं ठेकेदाराचं काम सोडलं. घरी बायको नंदा रोज संध्याकाळी विचारायची, "रंगवलं का हो नाव?" तो म्हणायचा, "रंगवतील." ती कोरी जागा दुकानात येता-जाता बघायची त्याला खोडच लागली होती.

ही भागीदारी सुरू झाली ती खेळण्यापायी. मल्लेश आणि अमरदीप शाळेत असताना दप्तरासकट नळदुर्गला पळायचे. तिथं स्टँडजवळ एका बोळात व्हिडिओ गेमचं दुकान होतं. उभी पेटी, त्यावर एक दांडा आणि गोल बटणं, पडद्यावर दोन पैलवान. दोघं एका पेटीवर तुटून पडायचे आणि घरी येऊन मार खायचे. ते दुकान कधीच बंद पडलं. पण अमरदीपच्या बोटांतून काही ते गेलं नाही. मागच्या वर्षी त्यानं हौसेखातर प्लायवूडचा एक डबा केला. त्यावर दांडा बसवला आणि आठ बटणं बसवली. बटणंही साधी नव्हेत, आतून एलईडीनं पेटणारी. डबा कॉम्प्युटरला जोडला की झाली नळदुर्गची पेटी तयार. मल्लेशनं त्याचा व्हिडिओ काढून मोबाइलवर फिरवला. तो फिरत फिरत सोलापूरच्या योगीराज नावाच्या माणसाकडं गेला. योगीराज तिकडं गेम पार्लर टाकत होता. त्याचा फोन आला, "असा एक चांगला करून ठेवा. मी येऊन बघतो. पसंत पडला तर पार्लरचे सगळे डबे तुमच्याकडनंच घेतो."

झालं! मल्लेशच्या अंगात वारं शिरलं. आता पंखे-मिक्सर गेले चुलीत म्हणाला. सनमायका त्यानं स्वतः धाराशिवहून आणला, डबा स्वतः कापला, कडा घासून घासून गुळगुळीत केल्या. हाताला सफाई होती त्याच्या, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण वायरिंगला बसला की घोटाळा. मल्लेशचा सगळा जन्म घरगुती लायटीत गेलेला. बल्बला वायर कुठूनही लावा, तो पेटतो. एलईडीचं तसं नसतं. तिला प्लस-मायनस लागतं. उलटी लागली की ती ढिम्म बसते. मल्लेश बटणं जोडून कॉम्प्युटर लावायचा, निम्मी पेटायची, निम्मी अंधारात. मग म्हणायचा, "माल डुप्लिकेट लागला, च्यायला." तो जेवायला गेला की अमरदीप त्या बत्त्या गुपचूप सुलट्या करून ठेवायचा. मल्लेश परत येऊन बघायचा आणि म्हणायचा, "बघ, हलवल्यावर पेटल्या का न्हाय!" अमरदीप नुसता हसायचा. दोस्ताला त्याच्याच दुकानात कशाला खाली बघायला लावायचं?

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी डबा पुरा झाला. अमरदीपनं शेवटचं सोल्डर मारलं, प्रत्येक जोड ओढून बघितला, झाकण लावलं. मग त्यानं सोल्डरगन, पक्कड, मल्टीमीटर असं आपलं सामान पिशवीत भरलं. ठेकेदाराकडं असतानाही त्याची हत्यारं मल्लेशच्या दुकानातच पडलेली असायची, म्हणून हे दरवर्षीचं होतं. खंडेनवमीला मल्लेशच्या घरी हत्यारांची पूजा असायची. पाटावर पाने-पक्कडी मांडायच्या, त्यांना हळद-कुंकू लावायचं, भस्माची इबत ओढायची, झेंडू वाहायचा, नारळ फोडून त्याचं पाणी शिंपडायचं. अमरदीपच्या घरी आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून पूजाअर्चा बंद. दसऱ्याला ही मंडळी पांढरे कपडे घालून विहारात जायची. म्हणून तो आपली हत्यारं आधीच घरी न्यायचा. त्यानं कधी त्याचा गवगवा केला नाही आणि मल्लेशनंही कधी काही विचारलं नाही. जमत होतं.

निघताना अमरदीपनं डबा जुन्या चादरीत गुंडाळला आणि वरच्या फळीवर ठेवला. "मल्लेश, ह्याला पूजेत घेऊ नको बरं. बटणाच्या भोवतीनं फट अस्ती. थेंब जरी आत गेला तरी बोंबललं."

"मला शिकवतो व्हय रं?" मल्लेश म्हणाला. "जा तू बिनघोर."

तो गेला. खंडेनवमी झाली, दसरा झाला, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी योगीराज गाडी घेऊन आला.

दुकान झाडून चकाचक केलं होतं. मल्लेशची आई इरम्मा आतल्या घरातून चहाचा ट्रे घेऊन आली. टेबलावर डबा, समोर टीव्ही. मल्लेशनं कॉम्प्युटर चालू केला तशी आठही बटणं लाल, निळी, हिरवी, पिवळी पेटली. योगीराज "वा!" म्हणाला. अमरदीपला वाटलं, आज नंदाला सांगता येईल.

पडद्यावर दोन पैलवान समोरासमोर आले. योगीराजनं अजून बटणाला बोट लावलं नव्हतं, तेवढ्यात त्याचा पैलवान हवेत ठोसे मारायला लागला. धाड, धाड, धाड! समोरचा लांब उभा आणि हा आपला एकटाच हवेशी भांडतोय. लाल बटण मिणमिणत होतं.

"ह्याला कुणाचा राग आलाय?" योगीराज हसला.

मल्लेशही हसला, पण त्याला घाम फुटला होता. त्यानं केबल काढून परत घातली. परत ठोसे. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. परत ठोसे. आता योगीराज हसायचा थांबला. "असं माझ्या पार्लरमध्ये झालं तर पोरं मला दगडं मारतील हो."

मल्लेशनं इकडं तिकडं बघितलं आणि त्याची नजर अमरदीपवर येऊन थांबली. "सांगितलं होतं ह्याला, सावकाश कर. पर ह्याला कुठला दम! ह्यांचा तिकडं विहारात कार्यक्रम अस्तो ना, पांढरे कपडे घालून पळायचं होतं. मारलं कसंतरी सोल्डर आणि गेला. ह्या लोकांचं असंच असतंय साहेब, ध्यानच नसतं कामात."

ह्या लोकांचं! अमरदीपच्या कानशिलांत आग पेटली. शाळेपासूनचा दोस्त. एका पेटीवर चार हातांनी खेळलेला. त्यानं मल्लेशकडं बघितलं, तर मल्लेश टीव्हीकडं बघत होता. बरं, आरोप तरी खरा असावा? सोल्डर सुटलं तर बटण मरतं, गप पडतं. आपोआप दाबलं जात नाही. हे अमरदीपला पहिल्या ठोशालाच कळलं होतं. पण परक्या माणसासमोर दुकानातलं भांडण कशाला काढायचं, म्हणून तो गप्प बसला. बाहेर तो अर्धा बोर्ड होता, आणि आज तोंड उघडलं तर तो तसाच राहील याची त्याला भीती वाटली. भीतीच वाटली, दुसरं काही नाही.

योगीराजनं चहा संपवला. "पौर्णिमेला तुळजापूरला जायचंय मला दर्शनाला. येताना वाट वाकडी करून थांबतो. तोवर नीट झालं तर बघू, नाहीतर राहू द्या." आणि गेला.

गाडी हायवेला लागायच्या आत मल्लेशनं डबा पालथा घातला, झाकण उचकटलं आणि पक्कड घेऊन अमरदीपचे जोड उपटायला निघाला.

"थांब," अमरदीप म्हणाला. "सोल्डर उपटून काय बघतो? आधी लाल बटणाच्या दोन वायरी काढ."

"त्यानं काय हुतंय?"

"काढ तर."

बटणाच्या बुडाला चार पाय असतात. दोन बत्तीचे, दोन दाबायचे. दाबायच्या दोन पायांच्या वायरी एका छोट्या पट्टीला जातात आणि ती पट्टी कॉम्प्युटरला सांगते की बटण दाबलं. अमरदीपनं त्याच दोन वायरी ओढून मोकळ्या केल्या. पडद्यावरचा पैलवान गप्प उभा राहिला. वायरी परत लावल्या, तर पैलवान परत सुरू. परत काढल्या, परत गप्प.

"पट्टी चांगली हाय," अमरदीप म्हणाला. "माझं सोल्डर पण चांगलं हाय. जे काय हाय ते बटणाच्या पोटात हाय."

अमरदीपनं बटणाची चकती फिरवून ते बाहेर काढलं आणि उजेडात धरलं. आत लाल चिखल होता. बटण लाल, बत्ती लाल आणि चिखलही लाल. वरून बघणाऱ्याला दिसणार कसं? त्यानं नाकाशी नेलं. आंबूस वास आला, दोन दिवसांच्या नारळाच्या पाण्याचा येतो तसा. कुंकू त्या पाण्यात कालवून दोन पायांच्या मधोमध बसलं होतं आणि आपोआप वाट तयार झाली होती. कडेला हळदीत माखलेला तांदळाचा एक दाणा चिकटला होता.

"मल्लेश."

"हां."

"हे काय हाय?"

मल्लेश वाकला, बघितलं आणि सरळ झाला. "मला काय म्हाईत?"

"अक्षता हाय ही."

मल्लेश फळीवरची चादर घडी करत बसला. ती आधीच घडी केलेली होती. शेवटी तोंड उघडलं त्यानं. "अव्वानं हट्ट धरला रं. म्हणली, नवं हत्यार हाय, ह्याच्यावरच आता समदं हाय, आणि ह्यालाच पूजेतून वगळायचं व्हय? म्या न्हाय न्हाय म्हणलो. पर सणाच्या दिवशी आईला किती बोलणार? ठेवला पाटावर. वरून चांगला पुसला पण होता की फडक्यानं."

"म्हणजे पाणी पडलेलं तुला म्हाईत होतं."

"वरून पुसलो म्हणलो न्हवं का!"

"आणि सकाळी ठोसे पडायला लागले तवा तुझ्या ध्यानात आलं असंल, कामून पडायलेत ते."

मल्लेशनं नजर वर केलीच नाही. त्या एका गप्प बसण्यात अमरदीपला सगळं कळलं. आपल्यावर ढकलताना ह्याला माहीत होतं. चुकून बोलला असता तर राग आला असता आणि गेला असता. पण माहीत असून बोलला! पाना उचलून कशावर तरी आपटावा असं वाटलं, आणि तो नुसता उभा राहिला.

"तोंडातून निघून गेलं," मल्लेश हळू आवाजात म्हणाला. "गिऱ्हाईक चाललं होतं हातातून. अमर, एक ऐक माझं. अव्वाला सांगू नको. तिच्या जिवाला लई लागंल. तिला वाटंल, तिच्या पूजेनंच घर बुडवलं."

इरम्माचं नाव घेतल्यावर अमरदीप ढिला पडला. नंदाच्या बाळंतपणात ही बाई दवाखान्याच्या बाकावर बसून राहिली होती. जेवणाचा डबा तिनंच आणला, बाळाला पहिलं दुपटंही तिनंच दिलं. तिचं मन कशाला मोडायचं? "न्हाय सांगत," तो म्हणाला. त्यानं डबा स्पिरिटनं पुसून घेतला, जवळचं जादा बटण बसवलं, वायरी जोडल्या. खराब बटण मात्र टाकवेना. ते त्यानं कागदात गुंडाळून आपल्या पिशवीत टाकलं.

डबा जोडून चालवला तर अगदी शहाण्यासारखा चालला. मल्लेशनं लागलीच फोन उचलला. "योगीराजसाहेब, सापडलं बघा. आमच्याकडच्या पोरानं सोल्डरमधी घोळ घातला होता. म्या सोता बसून नीट केलं. या तुमी पौर्णिमेला, बिलकुल तसल्लीनं बघा."

फोन ठेवेपर्यंत अमरदीप थांबला. "पोरगं?"

"अरं, बोलायची एक पद्धत अस्ती. आता त्याला काय सांगू, आईनं डब्यावर नारळ फोडला म्हणून? हसंल की तो. एकदा ऑर्डर पक्की होऊ दे. त्याच दिवशी बिराप्पाला शिडीवर चढवतो. शप्पत."

अमरदीपनं तेही गिळलं. माणूस किती गिळू शकतो हे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. घरी नंदानं विचारलं, "रंगवलं का नाव?" तो म्हणाला, "पौर्णिमेला." बाकी काही सांगितलं नाही. सांगायची लाज वाटली, आणि लाज त्याला का वाटावी, हे काही त्याला उमगलं नाही.

पौर्णिमेला योगीराज कपाळावर मळवट भरूनच उतरला. डब्यासमोर बसला तो उठेचना. दांडा गरागरा फिरवला, बटणं बडव बडव बडवली. एक बत्ती हलली नाही, एक ठोसा आगाऊ पडला नाही. "मस्त!" म्हणाला. "पार्लरचे सगळे डबे तुमच्याकडं लागले." मल्लेशनं त्याचे दोन्ही हात धरले. निघताना योगीराजला काहीतरी आठवलं आणि तो अमरदीपकडं वळला. तो अमरदीपहून लहानच असेल. "काय रे, परत घाई करू नको हां. मालकाचं नाव जातंय अशानं."

"व्हय साहेब," अमरदीप म्हणाला.

गाडी गेली. दुपारीच बिराप्पा शिडी, डबे, ब्रश घेऊन हजर झाला. मल्लेशनंच सकाळी निरोप धाडला होता, एवढं खरं. बिराप्पानं शिडी लावली, वर चढला, कोऱ्या जागेवर सुतळीनं रेघ आखली. अमरदीप खाली उभा राहून मान वर करून बघत होता. चेहऱ्यावरचं हसू काही केल्या आवरेना त्याला. झालं गेलं विसरून जायची त्याची तयारी झाली होती.

"अमर, जरा इकडं ये," मल्लेश आतून म्हणाला. "मी काय म्हणतो, नावाचं जरा थांबायचं का?"

"कामून?"

"बघ आता तूच. तो योगीराज दर हप्त्याला यायचा इथं. त्याला आपण सांगितलंय की चूक पोराची होती. उद्या आला आणि वर तुझं नाव पार्टनर म्हणून बघितलं तर काय म्हणंल? ज्यानं घोळ घातला तोच मालक! त्याचा भरोसा उडंल. ही ऑर्डर निघून जाऊ दे, मग बघू."

"आपण सांगितलं?" अमरदीप म्हणाला. "तू सांगितलंस. आणि तू सांगितलेल्या खोट्यापायी माझं नाव थांबायचं?"

"हळू बोल की."

तेवढ्यात इरम्मा आतून आली. हातात साखर-खोबऱ्याची वाटी. तिनं मल्लेशच्या कपाळाला कुंकवाचं बोट लावलं, अमरदीपच्या तळहातावर खोबरं ठेवलं. तोंडभर हसली. "देवीनं ऐकलं बघा. पूजा पावली. न्हायतर ह्यो डाव गेलाच व्हता." मग अमरदीपच्या गालाला हात लावून मायेनं म्हणाली, "अमरदीपा, कामात ध्यान ठेवत जा यप्पा. मल्लेशनं सांगितलं मला समदं. सण काय, दरसाल येतोय."

हिलाही! आईचं मन मोडू नको म्हणून ज्याला गप्प बसवलं, त्याचंच नाव त्या आईला सांगून ठेवलं. अमरदीपनं हातातलं खोबरं टेबलावर ठेवलं.

"अव्वा, माझं चुकलं नव्हतं. नारळाचं पाणी बटणात गेलं होतं. पूजेचं."

इरम्माचं हसू थबकलं. तिनं लेकाकडं बघितलं. "व्हय रं?"

मल्लेश रस्त्याकडं बघत होता. अजूनही 'व्हय' म्हणाला असता तर अमरदीपनं सगळं सोडून दिलं असतं, बोर्डसुद्धा. एवढाच एक शब्द त्याला हवा होता.

"कायतरी बोलायलाय अव्वा," मल्लेश म्हणाला. "आपलं झाकायला काढलंय ह्यानं आता."

अमरदीपनं पिशवी उघडली, कागद सोडला आणि ते लाल बटण इरम्माच्या तळहातावर ठेवलं. म्हातारीनं ते डोळ्यांजवळ नेलं. कुंकू वाळून खपली धरली होती. कडेचा दाणा तिनं नखानं खरवडला. हळदीचा तांदूळ तिच्या नखात आला. आपल्या हातानं माखलेली अक्षता ती ओळखणार नाही असं कसं होईल? तिनं मान वर करून अमरदीपकडं बघितलं, आणि तिला कळलंय हे त्याला स्वच्छ दिसलं. मग ती लेकाकडं बघत राहिली.

"देवाचं पाणी कुठं बिघडवत असतंय का यप्पा?" ती हळूच म्हणाली. "मल्लेश म्हणतोय तसंच असंल."

तिनं बटण पदराच्या टोकाला बांधलं, गाठ ओढून घट्ट केली आणि आत निघून गेली.

बाहेर शिडीवरून बिराप्पा ओरडला, "काय करायलाव रं? हात भरून आला माझा. नाव सांगा नाव."

अमरदीपनं सोल्डरगन गुंडाळली. पक्कड घेतली, मल्टीमीटर घेतला.

"कुठं चाललास?" मल्लेशच्या आवाजात आता खरीखुरी धास्ती होती. "अमर, येड्यासारखं करू नको. एवढी ऑर्डर पडली, मला एकट्याला ते एलईडीचं..."

"निम्म्या बत्त्या पेटणार न्हाईत तुझ्या," अमरदीप म्हणाला. "माल डुप्लिकेट नसतो. तू उलट्या लावतोस. आजवर म्या सुलट्या करून ठेवायचो."

तो बाहेर आला. ऊन तिरपं होऊन बोर्डावर पडलं होतं. डाव्या बाजूला निळं नाव आणि उजव्या बाजूला बिराप्पानं सुतळीनं आखलेली सरळ रेघ. अमरदीपनं तिच्याकडं बघितलं आणि पिशवी खांद्याला लावली.

"मामा, मल्लेशचं नाव मधी घ्या," तो म्हणाला. "जागा मोकळी ऱ्हायली की लोक विचारत्यात."

बिराप्पानं दुकानात वाकून मल्लेशकडं बघितलं. मल्लेशनं तोंड फिरवलं, तेव्हा बिराप्पानं पांढऱ्या रंगात ब्रश बुडवला आणि डाव्या बाजूचं नाव पुसायला घेतलं.